शीट नंबर सात

सोमवार, ४ मार्च

ऑफिसातून फोन. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, आज आठवण झाली! द्रुतगती मार्गाला चाळीस वर्षं होतायत, पुस्तिका काढायचीय म्हणे. "मार्गाचा इतिहास तुम्हीच लिहा काका. त्या वेळचे ड्राफ्ट्समन तुम्ही एकटेच उरलात." मुलगी बोलायला गोड आहे. उरलात म्हणाली — जसा काही मी शर्यत जिंकलोय.

हो म्हणून बसलो. कशाला म्हणालो?

मंगळवार, ५ मार्च

अर्धं पान झालं. धान्याच्या वखारींपासून सुरुवात केली. तिथे आधी बैलगाड्यांची वाट होती, मग कालवा आला, मग कालवा बुजवून रस्ता. तिथून आमची रेष रेल्वेच्या पुलाखालून, गिरणीच्या भिंतीला लागून, दफनभूमीला वळसा घालून — छे, वळसा कुठला! सरळ मधून कापलीय. हाडं हलवायला आठ दिवस लागले होते. त्यापुढे शिंपी गल्ली. तिथे पेन अडलं.

ताईनं विचारलं, काय लिहितोयस रे? सांगितलं. केवढी खूश झाली! "शाळेचं नीट लिही हं. आमचं घर गेलं, पण शाळा वाचली." हे वाक्य ती चव्वेचाळीस वर्षं सांगतेय. दूधवाल्याला, डॉक्टरला, बसमध्ये शेजारी बसेल तिला. मला तोंडपाठ आहे. नसायला काय झालं, मीच तर तिला ते दिलं.

गुरुवार, ७ मार्च

काही लिहिलं नाही. दाढ ठणकतेय.

शनिवार, ९ मार्च

ही वही कुणी उघडत नाही. एकदाचं लिहून टाकतो.

मोजणीच्या दोन तुकड्या होत्या. एक उत्तरेकडून निघाली, एक दक्षिणेकडून. साखळीनं मोजायचे. साखळी ओढून ओढून लांबते, म्हणून रोज सकाळी ती ऑफिसच्या ओट्यावरच्या दोन खुणांशी ताडून बघायची, मगच बाहेर न्यायची. दक्षिणवाल्यांनी कंटाळा केला. दोन्हीकडच्या रेषा माझ्या टेबलावर, सात नंबरच्या शीटवर भेटायच्या होत्या. भेटल्याच नाहीत! मधे नखाएवढी फट. आमच्या नकाशात एक इंच म्हणजे पन्नास फूट. जमिनीवर ती फट बावीस फुटांची होत होती.

अशा वेळी पेन्सिल खाली ठेवायची आणि उठून साहेबांना सांगायचं. मग पुन्हा मोजणी, तीन महिने. पण साहेबांना नकाशा सोमवारी वर पाठवायचा होता, आणि मी अजून नोकरीत कायम नव्हतो. माझी पाचावर धारण बसली. वक्रपट्टी घेतली आणि दोन्ही टोकं लांबून हळूहळू वळवत आणून जोडून टाकली. इतकं सुरेख वळण मी जन्मात पुन्हा काढलं नाही. साहेब म्हणाले, "वा! हात आहे की काय!"

सरळ गेली असती तर रेष एका वखारीच्या रिकाम्या आवारातून जाणार होती. वळली ती शिंपी गल्लीवरून. अकरा घरं. त्यातलं चौथं ताईचं. नकाशा मंजूर होऊन गल्लीत खुंट्या ठोकल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. नाही बोललो.

ताई रडत ऑफिसात आली होती. "इथेच वाकडा का रे जातो हा रस्ता?" खिडकीतून समोर शाळा दिसत होती. बोलून गेलो, शाळा वाचवायला. वेळ मारून नेली. शाळा चांगली दोनशे फूट लांब होती! तिच्या केसालाही धक्का लागणार नव्हता.

भावोजी शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, असा त्यांचा संसार. नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. तिथे जिने चढून कोण येणार कपडे शिवायला? दिवसभर बंद मशीनपुढे बसायचे. वर्ष नाही झालं, गेले. तेव्हापासून ताई माझ्याकडे.

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. डोंबलाचं हलकं!

सोमवार, ११ मार्च

पुन्हा ती मुलगी. समारंभात ताईला मंचावर बसवणार आहेत. "शाळेसाठी घर देणारं कुटुंब." शाळेतली मुलं येणार, ताईनं दोन शब्द बोलायचे. मी फोनवर हं हं करत राहिलो. ताईनं ठेवणीतले कपडे बाहेर काढलेत. आरशापुढे उभी राहून भाषण घोकतेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गाल लाल झालेत! मधेच थांबून म्हणते, "आज हे असायला हवे होते रे."



बुधवार, १३ मार्च

वळणावर ट्रक कलंडला. चालक जागच्या जागी गेला. पेपरवाल्यांनी लिहिलंय की इथे अपघात का होतात कुणाला कळत नाही. मला कळतं. त्याला दोन लहान मुली आहेत म्हणे.

आतापर्यंत किती? मोजायचं धाडस नाही माझ्यात.

शुक्रवार, १५ मार्च

इतिहास खरा लिहून काढला. साखळी, फट, वक्रपट्टी, माझं नाव. उद्या ऑफिसात देतो. पण त्याआधी ताईला सांगणार. परक्यांच्या पुस्तकात तिनं हे वाचायला नको. हाकलून देईल मला. देऊ दे. घर माझं असलं तरी निघून जाईन.

शनिवार, १६ मार्च

सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "ह्यांनी टेप घेऊन सगळी गल्ली मोजली होती. म्हणाले, खुंट्या चुकल्यात, सरळ वखारीकडे जायला हव्यात. अर्जही लिहिला होता. मी फाडला. म्हटलं, नकाशावर माझा भाऊ बसलाय, तो चुकायचा नाही."