मालिकेत ती परत गेली

नाना, तुम्ही आम्हाला वाचून दाखवलेली ती कादंबरी टीव्हीवर आली होती, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हापासून तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय. आता मलाही तुमच्यासारखाच जाड भिंगांचा चष्मा लागला, तरी ते राहिलंच आहे.

भडगावजवळचं आपलं अंगण. उन्हाळ्याची सुट्टी, तुमची शाळा बंद. ऊन चढायच्या आत गल्लीतल्या बायका बिबडे थापायला जमायच्या, आज आपल्याकडे, उद्या शेजारी. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, खाटेवरच्या जुन्या लुगड्यावर वाळत टाकायचं, आणि हात चालू राहावेत म्हणून तुम्ही ओट्यावर बसून वाचायचं. पुरुषमाणूस बायकांत बसून गोष्टी वाचतो म्हणून पारावर तुमची टिंगल चालायची. तुम्ही कुणाला भीक घातली नाही. अक्का, तुमची थोरली बहीण, सगळ्यांच्या मागे बसे. नवऱ्याने धुळ्याला दुसरी बाई ठेवून तिला माहेरी आणून टाकलेलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकातल्या त्या टाकलेल्या बाईचं बोलणं न् बोलणं पाठ. शेवटच्या दिवशी तुम्ही वाचता आहात. नवरा तिला न्यायला येतो. ती त्याला तांब्याभर पाणी देते आणि म्हणते, "पाणी प्या आणि आपल्या वाटेला लागा." तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसता आहात, पण वाचणं थांबत नाही. पातेल्यातलं पीठ गार झालं तरी एकही बाई हलली नाही.

त्याच दिवाळीत अक्काचा नवरा खरोखर दारात आला. अक्काने तांब्या त्याच्या हातात दिला. "पाणी पे, आन तुनी वाटे लाग." तुम्ही तिथेच खांबाला धरून उभे होतात. पुढे जळगावच्या दवाखान्यात, अगदी शेवटी, तुम्ही मला विचारलंत, "मी अक्काचं वाटोळं तर नाही ना केलं?" तापात बरळताय असं वाटलं मला. मी तुमच्या कपाळावरची पट्टी बदलली, एवढंच.

मग ती मालिका. मी बँकेत लागले होते, हप्त्याने टीव्ही घेतला होता. बिबडे थापणाऱ्या झाडून साऱ्या बायका आपल्याकडे बघायला! आणि काय सांगू नाना, पहिल्याच भागापासून माझ्या डोक्यात तिडीक. शेतात राबणारी बाई, तिला कडक इस्त्रीचं लुगडं. पुस्तकात नसलेला एक बोबडा गडी घुसडलेला, हसवायला. ती जिथे गप्प राहते तिथे हमखास गाणं. हे सगळं गिळलं एकवेळ. पण शेवटच्या भागात तिने नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं, डोळ्यांना पदर लावला आणि बैलगाडीत बसून त्याच्यामागे गेली. गल्लीतल्या बायका अक्काकडे बघायला लागल्या. तिचा चेहरा मला बघवेना. "ती परत नही गई व्हती," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

माझं डोकं फिरलं. त्या लिहिणाऱ्याची चांगली खरडपट्टी काढून पत्र पाठवायचं, पान दाखवून, म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं. उभ्याउभ्याच शेवट उघडला. त्यात बैलगाडी होती, नाना. पायावरचं पाणी होतं, पदर होता. तांब्या कुठेच नव्हता. मेल्यांनी एवढं एकच तर पुस्तकाबरहुकूम केलं होतं! तुमचा मला असा राग आला की भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघवेना. एका माणसाने आपल्या मनचं वाचलं आणि एका बाईने त्यावर जन्म काढला. दवाखान्यातला तुमचा प्रश्न तेव्हा कुठे कळला.

अक्का ओसरीवर वाती वळत होती. "वाच," म्हणाली. मी पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि तांब्याचं वाचलं. तुमचंच, जसंच्या तसं. अक्काने वात वळायची थांबवली नाही.

"तुना बाप बी हाई पान चष्मा काढीसनच वाचे," ती म्हणाली.

चष्म्याशिवाय तुम्हाला हातावरच्या रेघा दिसत नसत.

"तुले पहिलेपासून माहीत व्हतं?"

"मी आडाणी शे, आंधळी नही." मग नवी वात घेत, "नवराले मी वाटे लावं. पुस्तकनी नही. नानाले उगाच वाटे."

हेच सांगायचं होतं. अक्का पुढे पुष्कळ जगली, आपल्याच ओसरीवर, आपल्याच तोऱ्यात. तुम्ही तिचं काही वाटोळं केलं नव्हतं. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा हे मला माहीत असतं तर.

हा कागद कुठे टाकणार? घडी घालून तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवते. आणि खरं सांगू? त्या टीव्हीवाल्यांचा शेवट पुस्तकाप्रमाणेच होता, तरी त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.