मांडवाचं लाकूड

मु. चिंचवाडी, ता. हिमायतनगर
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. देविका हिला केवळाबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आई-बाबांना आमचा नमस्कार सांग. बाबांचा गुडघा आता कसा आहे, तेही कळव.

सासूचं पत्र आलंय म्हणून घाबरून जाऊ नकोस. फोन करायला मला कुणी अडवलेलं नाही, पण आपल्या घरातला फोन म्हणजे गावची चावडी. मी नंबर लावला की हे लगेच म्हणणार, "स्पीकरवर टाक." सुदर्शन दारात येऊन उभा राहणार, बाहेर आरा मशीन किंचाळत असणार, आणि मी ओरडून विचारणार, "जेवलीस का?" तू म्हणणार, "हो आई." झालं बोलणं. पोळ्यापासून आपण दोघी एकमेकींना फक्त जेवणाचं विचारतोय. म्हणून म्हटलं, कागद घ्यावा. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, मास्तरांच्या लेकीनं चुका काढू नयेत.

आधी तुझ्या सासऱ्यांचं. छातीत रिंग टाकल्यापासून तब्येत चांगली आहे. सकाळी ओढ्याच्या पुलापर्यंत चालून येतात. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय, तर मशीनशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दिवसभर हुकूम सोडतात. ओंडका असा धर, तसा फिरव, फळी जाड निघाली, पातळ निघाली. परवा रामकिशन वैतागून म्हणाला, "दादा, तुम्हीच या मशीनवर, म्या बसतो खुर्चीवर." वीस वर्षं आपल्याकडं काम करून राहिलाय, त्याला तेवढा हक्क आहे. विड्या मात्र बंद आहेत. माझ्यासमोर तरी बंद आहेत.

गेल्या आठवड्यात करवतीचा पट्टा तुटला. शेजारच्या गावचा एकजण अंगणातला कडुलिंब तोडून घेऊन आला. "खिळा-बिळा नाही ना रे?" म्हणून सुदर्शननं तीनदा विचारलं. तर म्हणे, "एकपण न्हाई, लेकराची आन." अर्ध्यात गेल्यावर ठण्णकन आवाज आला. खोडाच्या पोटातून पाळण्याचा आख्खा आकडा निघाला. तो माणूस हातात घेऊन बघतच राहिला. म्हणाला, "आमच्या आईनं मला ह्याच्यावर झोके दिले असतील." त्याला काय बोलणार? सुदर्शन चरफडला, पण तुटलेल्या पट्ट्याचे पैसे काही मागितले नाहीत. पोरगा वाईट नाही गं. तोंडाचा तापट आहे.

माळव्याचं विचारशील. यंदा पावसानं सगळ्यांचंच सोयाबीन झोडपलं, आपलंही. टमाटे सडले. वांगी टिकली, अंबाडी टिकली, मेथी तर अशी आलीय की काढून काढून कंबर धरली. तू सांगितल्यासारखा भुसा शेणात कुजवून घातला होता ना, त्या वाफ्यांत पाणी तुंबलं नाही. लाकूड कापून होईपर्यंत ताटकळत बसणाऱ्या लोकांना भाजी विकायची, ही तुझी युक्ती अजून चालू आहे. फक्त जुड्या सुदर्शन बांधतो. जुडी बांधतो की बैल बांधतो, तेच कळत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "वहिनी कुठं हायती?" मी म्हणते, लातूरला, माहेरी. त्यातल्या बाया लगेच माझ्या तोंडाकडे बघतात आणि हसतात. गोड बातमी-बितमी काही नाही, हे त्यांना मी सांगत बसत नाही.

दिवाळी झाली. तू नव्हतीस. करंज्या केल्या, पण सारण उरलं. नेहमी तू पारीत जास्त भरायचीस आणि मी रागवायचे. यंदा रागवायला कुणी नव्हतं.

आता मांडवाचं लिहिते. एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरत होते, हे तुला कळलं असेलच.

मागच्या पत्र्याखालचा तो लाकडांचा ढीग कशाचा होता, हे तुला लग्नाला दोन वर्षं होऊनही कुणी सांगितलं नव्हतं. असलं नव्या सुनेला कोण सांगतं? गावात कुणी गेलं की सरणाचं लाकूड आपल्या मशीनवरून जातं, पैसा घेत नाहीत, एवढं तुला माहीत होतं. त्याचं कारण माहीत नसेल. माझे सासरे भर श्रावणात गेले. तीन दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. गावात कोरडी काडी नव्हती. ह्यांनी दारोदार फिरून दाराच्या फळ्या, पाट, मोडकी बाज असलं काहीबाही गोळा केलं. तरी नीट पेटेना. तेव्हापासून हे कोरडं लाकूड कायम भरून ठेवतात, कुणावर तशी पाळी येऊ नये म्हणून. इथवर मला त्यांचा अभिमानच आहे.

पण सहा वर्षांमागं शेतातला म्हातारा आंबा वठला, तेव्हा ह्यांनी त्याचं लाकूड माणसाएवढं लांब कापलं, बांधावरच्या बाभळीचं थोडं त्यात घातलं, आणि मागे पत्र्याखाली वेगळं रचून ठेवलं. म्हणाले, "हे माझं. पोराला धावपळ नको." दिवाळी आली की लोक घर झाडतात, हे आपलं सरण झाडायचे. एकेक लाकूड खाली काढायचं, वाळवी बघायची, खराब असेल ते बदलायचं, परत रचायचं. पाहुणे आले तर, तू आसपास नसताना, त्यांनाही दाखवायचे. "आंब्याचं हाय. लई धूर करत न्हाई." आणि तो पत्रा नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या दारासमोर. मी तांदूळ निवडायला बसले की समोर तोच ढीग. सकाळी चूल पेटवताना तोच ढीग.

मी काही बोलले नाही. नवऱ्याच्या चांगल्या कामाला बाईनं काय म्हणून नाट लावायचा?

मग यंदा आषाढात एके दिवशी तू माझ्याकडे आलीस. दोडक्याचे वेल हातभर झाले होते, मांडवाला खांब पाहिजे होते, हे अर्धापूरला पाहुण्यांकडे गेले होते आणि सुदर्शन नांदेडला. तू दारात उभी राहून म्हणालीस, "आई, ते मागचं वाळलेलं लाकूड घेऊ का मांडवाला?"

मी म्हणाले, "घे."

देविका, तुला वाटत असेल की आईंना कळलंच नाही मी कोणतं लाकूड म्हणते ते. मी पीठ मळत होते, माझं लक्ष नसेल, असं तू स्वतःला समजावलं असशील. माझं लक्ष होतं. तू बोट केलंस तिकडे मी बघितलं होतं. मला चांगलं ठाऊक होतं तू काय मागतेस ते, आणि मी घे म्हणाले.

रामकिशन तुला अडवत होता तेही मी आतून ऐकलं. "वहिनी, ते राहू द्या." "का?" "असंच." "असंच म्हणजे काय रामकिशनभाऊ?" तो बिचारा काय सांगणार? पान चघळत उभा राहिला. शेवटी तू म्हणालीस, आईंना विचारलंय. तेव्हा त्यानं माझ्या दाराकडे बघितलं. मी पिठाचा हात हलवून त्याला खूण केली, की कर सुरू. मशीन चालू झालं. लाकूड उभं चिरण्याचा तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत तू खांब रोवलेस, तारा ओढल्यास, आणि माझ्या दारासमोर मोकळी जागा. त्या रात्री मी पोटभर जेवले.

अर्धापूरहून आल्यावर ह्यांनी मांडव बघितला. एका खांबावर हात ठेवून उभे राहिले. मग घरात येऊन सुदर्शनला एवढंच म्हणाले, "पोरीला कुणी काई बोलायचं न्हाई." झालं. म्हणजे मांडवाचं लाकूड कुठलं हे सगळ्या घराला ठाऊक, फक्त तुला नाही. तू आपली रोज वेल चढवत होतीस. पहिले दोडके तू ह्यांच्याच ताटात वाढलेस, आणि त्यांनी चवीनं खाल्ले.

पुढचं तुला माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. नांदेडच्या दवाखान्यात, त्या बाकाजवळ, आपल्या भावकीतल्या जगदेवीवहिनी नको ते बोलल्या, की काढून ठेवलेलं सरण मोडलं म्हणजे ते माणूस मागतं. आणि सुदर्शननं सगळ्यांसमोर तुला विचारलं, "माझ्या बापाचं सरण तुला दोडक्याला पाहिजे होतं का?"

तुला तिथं पहिल्यांदा कळलं. तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता ही म्हणेल, आईंना विचारून घेतलं. तू म्हणाली नाहीस. मी दोन क्षण वाट बघितली, की निदान मी तरी बोलेन. मीही बोलले नाही. नवरा आत यंत्रांना जोडलेला, भोवती सगळे नातेवाईक, माझी जीभच उचलली नाही. तू पिशवी घेतलीस आणि तिथूनच लातूरची गाडी धरलीस.

लाकूड दिल्याचं मला वाईट वाटत नाही. आज पुन्हा विचारलंस तर पुन्हा घे म्हणेन. त्यांचं दुखणं कशानं आलं, ते डॉक्टरांनी तासाभरात सांगितलं होतं. "काका, दिवसाला विड्या किती?" असं विचारल्यावर ह्यांनी माझ्याकडे चोरासारखं बघितलं होतं. त्यात तुझा हात नाही, मांडवाचाही नाही. हे तू मनातून पार काढून टाक. पण माझ्या वाट्याचं बोलणं तू खाल्लंस आणि माझं नाव घेतलं नाहीस, त्याचं मला रोज वाईट वाटतं. पोटच्या लेकीनंही एवढं केलं नसतं.

परवा हे मांडवाखाली बसले होते. दोडके संपत आलेत, आता वाल फुलावर आहे, खालच्या काही शेंगा भरल्यात. ते शेंगा तोडत होते. मी जवळ गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "ते लाकूड देविकानं आपल्या मनानं घेतलं नव्हतं. मी दिलं."

ते म्हणाले, "ठाऊक हाय."

"कसं?"

"ती पोर इचारल्याबिगर घरातली काडी हलवीत न्हाई. म्या घरी नव्हतो, सुदर्शन नव्हता. मग इचारलं कुणाला आसंल?"

"मग इतके दिवस बोललात का नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मला इतका राग आला! सहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, ज्या माणसानं अख्ख्या गावाला लाकूड दिलं त्याला गाव चार लाकडं देणार नाही का? तुम्ही रोज जायची तयारी करून ठेवायची आणि मी रोज त्याच्यासमोर बसून तुमच्या भाकरी थापायच्या? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुला तरास व्हत व्हता, तर एकदा सांगायचं न्हाई का?" मी म्हणाले, "तुम्ही एकदा विचारलं का?" त्यावर त्यांनी आणखी दोन शेंगा तोडल्या. मग पुढ्यातल्या शेंगांकडे बघून हसायला लागले. "केवळे, माझ्या सरणाला वाल लागलाय बघ." मी पण हसले, आणि रडले पण. शेवटी म्हणाले, "आता नवा ढीग घालत न्हाई. पोरीला सांग." म्हणून सांगितलं.

लगेच मशीन बंद करायला लावून सुदर्शनला बोलावलं आणि रामकिशनसमोरच त्यालाही सगळं सांगितलं. तो खाली ओंडक्यावरच बसला. पहिलं काय विचारलं असेल? "मग ती तवा का न्हाई बोलली?" म्हटलं, ते मला नको विचारू, तिला विचार, आणि विचारताना मान खाली घालून विचार. तेव्हापासून धड जेवत नाही. मी मुद्दाम आग्रहही करत नाही.

तू तिकडे नोकरीसाठी अर्ज केलाय, हे तुझ्या आईनं मला सांगितलं. तुला तिकडेच राहायचं असेल तर मी अडवणार नाही. सून पळून गेली असं कुणी म्हटलं तर त्याला मी बघून घेईन.

पण हे पत्र मिळेल त्याच्या मागोमाग, येत्या रविवारी, मी लातूरला येतेय. सुनेला आणायला सासूनं जायची रीत नाही, असं जगदेवीवहिनी म्हणाल्याच. म्हणू देत. तुझ्या आई-बाबांसमोर मला माझ्या तोंडानं सांगायचंय, की त्यांच्या लेकीनं काही केलेलं नाही, आणि जे दवाखान्यात सांगायला पाहिजे होतं ते मी सांगितलं नाही. गाडी सुदर्शन चालवील. तो खाली गाडीतच बसेल. तू बोलावलंस तरच वर येईल, नाही बोलावलंस तर तसाच मला घेऊन परत जाईल. त्याला तसं बजावलंय आणि तो कबूल आहे. त्याला चहासुद्धा पाठवू नकोस, तुला मनापासून वाटेपर्यंत.

मी मात्र जेवून जाईन.

तुझ्या बाजूची,
केवळाबाई