समुद्राकडची भिंत

प्रिय धाकट्या,

सोमवारी सकाळी फेरीबोट वाळूत रुतली, आणि ती आपल्या अप्पांमुळे रुतली. म्हणून हे पत्र. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. फोनवर तू "हो ताई, बघू ताई" करतोस आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते. शेवटपर्यंत वाच.

इथून जाऊन तुला इतकी वर्षं झाली की इथलं अंतर म्हणजे काय ते तू विसरला असशील. डोंगर आणि समुद्र यांच्यामधला आपला पट्टा चिंचोळा, त्यातही खाड्यांनी जागोजागी कापलेला. पलीकडचा किनारा एवढा जवळ की तिकडे कुणी भांडलं तर इकडे शब्द कळतात; पण रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून, घाट चढून-उतरून अर्धा दिवस मोडतो. दवाखाना पलीकडे, कॉलेज पलीकडे, बाजार पलीकडे. फेरीबोट बंद आहे आणि मी धक्क्यावरच्या तिकीटघरात बसून येणाऱ्या प्रत्येकाला "आज नाही" सांगते आहे. वारा खिडकीची झडप आपटतो, मी उठून ती लावते, खाऱ्या हवेने गंजलेली कडी पुन्हा निसटते. बसवत नाही. हे पत्र असंच उठत-बसत लिहिते आहे.

घराची समुद्राकडची भिंत तुला आठवते ना? डोंगरावरची पाण्याची टाकी बरोबर त्या पांढऱ्या भिंतीच्या माथ्यावर दिसली की बोट सरळ आत आणायची, खाली खोल पाणी आहे. अप्पांनी जन्मभर फेरीबोट अशीच आणली आणि नंतरच्या सगळ्या चालकांना हेच शिकवलं. म्हणून दरवर्षी चुना. म्हणून त्या बाजूला झाड लावायचं नाही. आईने एकदा तिथे दोरी बांधून रंगीत चादरी वाळत घातल्या, तर या गृहस्थांनी भर खाडीतून भोंगा वाजवून त्या काढायला लावल्या होत्या. आई म्हणाली, "नवरा केला की दीपगृह?" तू तेव्हा हसून हसून पायरीवरून पडला होतास.

मागच्या वादळानंतर खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा सरकला. सरकणारच. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात, वाळू पुढे पुढे ढकलतात. हे मी कॉलेजात भूगोल शिकताना घोकलं होतं आणि अप्पांना कागदावर काढूनही दाखवलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "तुझ्या कॉलेजला समुद्र होता का गं?" बंदर कार्यालयाने नव्या वाटेवर लाल पिंपं तरंगत ठेवली आणि आम्हाला कळवलं की जुनी खूण दिसता कामा नये, भिंतीला मातकट रंग द्या. मी दिला. अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मीठ हवं असेल तर मांजराला सांगायचे.

मग मी दातांसाठी पलीकडे गेले आणि उधाण आलं म्हणून तिकडेच अडकले. परतताना बोटीतूनच पाहिलं, भिंत पांढरीफटक. या वयात शिडीवर चढून, एकट्याने. खाली उभी राहून मी जे बोलले ते सगळ्या आळीने ऐकलं. रंगाऱ्याला लगेच बोलावलं, पण तो म्हणाला, या दमट हवेत चुन्यावर रंग धरायचा नाही, ऊन पडू दे. चालकाला मी बजावलं, भिंतीकडे बघायचं नाही, पिंपं बघायची. तो "हो बाई" म्हणाला.

सोमवारी दाट धुकं होतं. पिंपं पाण्यालगत, ती दिसेनात. वर मात्र धुकं फाटलं आणि भिंत आणि टाकी एका रेषेत उभी. चालकाचा हात आपोआप वळला. ओहोटी लागलेली, बोट वाळूत बसली ती बसलीच. आत माणसं, आणि त्यांत बाळंतपणाला निघालेली एक मुलगी, कळा सुरू झालेली. मच्छीमारांनी तिला होडीत उतरवून पलीकडे पोहोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तिच्या सासूने तिकीटघरात येऊन मला जे ऐकवलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही, आणि खोटंही नाही.

अप्पा त्या वेळी ताठ होते. "भिंत जागची हलली नाही, वाळू हलली. चूक कुणाची? तू सांग, तू शिकलेली." पण दुपारी चालक घरी आला. भांडायला नव्हे. पाया पडल्यासारखा वाकून म्हणाला, "काका, धुक्यात तुमची भिंत दिसली आणि जिवात जीव आला बघा." एवढंच बोलून तो गेला. अप्पा त्यानंतर खुर्चीतून उठले नाहीत. जेवले नाहीत. दिवेलागणीला मला हाक मारली. मांजराला नव्हे, मला. म्हणाले, "रंगव ती. पण मला इथे ठेवू नकोस. मी पुन्हा करीन."

तुझ्या दारात उभं राहून त्यांनी "चार दिवसांसाठी आलोय" असं सांगितलं असेल, आणि चहा होईपर्यंत हे पत्र खिशातच ठेवलं असेल. चार दिवसांसाठी नाही. ते राहायला आले आहेत. तुझ्या मायेने नव्हे, तुझ्या शहरात समुद्र नाही म्हणून. हे लागलं तर लागू दे. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू "बघू" म्हणाला असतास. त्यांना खिडकीजवळची जागा दे, खाली रस्ता वाहता असेल अशी. गाड्यांना नावं ठेवतील, ठेवू दे. रंगारी आत्ताच शिडी घेऊन वर गेला, ऊन पडलंय. मी एकटी व्यवस्थित राहीन. त्यांना परत पाठवू नकोस. त्यांनी म्हटलं तरी. मी म्हटलं तरी.

तुझीच, आणि तुझ्यावरचा राग शाबूत असलेली,
ताई

सकाळच्या बसने तुझ्याकडे सोपवले: अप्पा. कपड्यांची पिशवी. रक्तदाबाच्या गोळ्या, न्याहारीनंतरच्या. उजव्या कानाचं यंत्र. मुद्दाम काढून ठेवतात, लक्ष ठेव.
हे पत्र खिशात घालण्याआधी त्यांनी माझ्याकडे सोपवली: दुर्बीण. मी मागितली नव्हती.