सोन्यातलं चुंबक

९ फेब्रुवारी, सोमवार

आला! लूप आला!!

काचेवरचा सोन्याचा थर चुंबकासारखा वागतोय. माझा थर! तीन वर्षं या पातळ थरांपायी डोळे फुटायची वेळ आली (थर डोळ्यांना दिसत नाहीत ते वेगळंच) आणि चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनने आजवर फक्त सरळ रेघ काढून दाखवली. सोनं चुंबक नसतंच, रेघच यायची. आज रेघ एका वाटेने वर गेली आणि दुसऱ्या वाटेने खाली आली. म्हणजे लूप. म्हणजे चुंबक!

सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "कुणाला बोलू नकोस," म्हणाले. आणि स्वतः संचालकांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेले.

१० फेब्रुवारी

कँटीनवाला : "मॅडम, सोनं चिकटायला लागलं म्हणे?"

११ फेब्रुवारी

आत्याला समजावायला बसले. तिच्याकडेच राहते, तेव्हा सुटका नाही. ती मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती.

प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन (स्वतःभोवतीची गिरकीच म्हणा) असतो, म्हणून तो म्हणजे इवलंसं चुंबक. सोन्यात त्यांच्या जोड्या : एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. एकमेकांचा जोर मारून टाकतात.

"म्हणजे मी आणि तुझे काका."

"हो. पण थर फार पातळ केला की काही एकटे उरत असतील, आणि ते सगळे एकाच दिशेला तोंड करत असतील —"

"बहिणी-बहिणी जमल्यासारख्या."

हे प्रबंधात घालता येत नाही याचं वाईट वाटतं.

१३ फेब्रुवारी

शंका येऊन गेला. नाव वेगळं आहे त्याचं. पण शेजारच्या टेबलावरच्या या माणसाने शंका काढल्याशिवाय मला एक गोष्ट करू दिलेली नाही. लूप बघितला. "छान." मग, अर्थातच — "नुसती काच मोजलीस? सोनं न लावलेली?"

"मोजली होती की!"

"कधी?"

"मागच्या वर्षी."

त्याची भुवई बोलली.

सरांचं पुढच्या आठवड्यानंतर परिषदेत भाषण आहे, मथळासुद्धा ठरलाय. आणि काच ती काच! तिच्यात कुठून येणार चुंबक?

१४ फेब्रुवारी

मोजायची गरजच नाही.

१६ फेब्रुवारी

मोजली.

लूप.

तस्साच! सोनं चुंबक, काच चुंबक. उद्या मी माझी चप्पल ठेवली तरी लूप येईल. मशीन पुसलं, पुन्हा मोजलं, पुन्हा लूप. शंका मागे उभाच.

"काच कशाने उचलतेस?"

"चिमट्याने. जिभेने उचलू?"

"कुठल्या चिमट्याने?"

नव्या. स्टीलच्या. मीच हट्टाने मागवलेल्या. त्याने त्याच्याजवळ चुंबक नेलं. टक्! चिकटला. पकडताना चिमट्याच्या टोकाची भुकटी काचेच्या कडेला लागत होती, तीही डोळ्यांना न दिसणारी. आणि आम्ही तिला शोध म्हणत होतो.

१७ फेब्रुवारी

सरांच्या दारापर्यंत गेले, परत फिरले. त्यांनी पाहिलंच. "अगं ये ना! संचालक विचारत होते, पेपरात बातमी कधी द्यायची?"

मी म्हटलं, "सर, आज हवा छान आहे." खरंच म्हटलं! आणि निघून आले!!

आत्या म्हणाली, "आत्ता उसवशील तर टेबलावर उसवशील. भाषण झाल्यावर त्यांच्या अंगावर उसवावं लागेल."

१८ फेब्रुवारी

सांगितलं. एका दमात, डोळे मिटून. उघडले तेव्हा सर खिडकीबाहेर बघत होते. मग — "चिमटा आण."

आणला. त्यांनी चुंबक लावलं. टक्. काढलं, पुन्हा लावलं. टक्. आणि हसायला लागले. मला वाटलं होतं, रडतील.

"भाषण रद्द, सर?"

"रद्द कशाला? मथळा बदलू."

"आणि संचालक?"

हसू गेलं. "ते माझ्याकडे लागलं. तू बरोबर ये मात्र."

गेले. संचालक सरांशी बोलले, माझ्याशी नाही. मी फक्त घाम पुसला.

२४ फेब्रुवारी

भाषण झालं. सरांनी पडद्यावर सोन्याचा लूप दाखवला : टाळ्या. मग कोऱ्या काचेचा : शांतता. मग खिशातून चिमटा काढला. "आमचा शोध." सभागृहात हशा फुटला! दुसऱ्या संस्थेतल्या एक पिकल्या केसांच्या बाई मात्र हसल्या नाहीत. उठून विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" सरांनी सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या.

परतताना सर म्हणाले, "सोनं आता पुरे. दुसरा विषय बघ."

मी हो म्हटलं. घरी आत्याने ताट वाढलं, मी वरणात बोटाने लूप काढत बसले.

२६ फेब्रुवारी

"सर, एकच शेवटचा थर करू?"

"कर. मला सांगू नकोस."

२७ फेब्रुवारी

नव्या काचा. सुरुवातीपासून प्लास्टिकचा चिमटा.

कोरी काच : सरळ रेघ.

सोन्याचा थर : लूप. मुंगीएवढा. काच काढून पुन्हा ठेवली — लूप.

उठून दार लावून घेतलंय.