सून घसरली नव्हती

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, प्रसूतिगृहातील निवृत्त परिचारिका, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. अक्षराबद्दल शंका आल्यास माझ्या हातचे जुने केसपेपर पाहावेत. एक वगळता सगळे खरे आहेत.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व न्हाणीघर, सुनेच्या एकटीच्या नावे करावे. मुलगा म्हणेल, म्हातारीला चळ लागला होता. म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे.

२. बँकेतली ठेव आणि माझे मनगटी घड्याळ नातीला. मुलाला त्याच्या वडिलांचा कातडी पट्टा द्यावा. तो माझ्या पाठीवर कसा चाले हे त्याने लहानपणी पाहिले आहे. मीही त्याला पाहू दिले.

३. सुनेला सातवा महिना होता. जेवण गार वाढले म्हणून मुलाने तिच्या पोटात लाथ मारली. गर्भाची वार आतच सुटली, रक्त थांबेना. तिला आमच्याच प्रसूतिगृहात आणले. तिथे शिरस्ता होता, आणि तो मीच घालून दिलेला: नवऱ्याला आधी बाहेर काढायचे, मग बाईला विचारायचे. त्या दुपारी मी मुलाला तिच्या उशाशी उभा ठेवून विचारले, "न्हाणीघरात घसरलीस ना गं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

केसपेपरवर मी तसेच लिहिले. आपलेच दात, आपलेच ओठ, अशी मनाची समजूत घातली. मला त्याची लाज वाटते.

नात जेमतेम तेराशे ग्रॅमची जन्मली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. अजून ती डावा पाय ओढत चालते. सून कित्येक वर्षे नुसते दार वाजले तरी दचके, पोरीला पाजताना रडे, आणि मी तिलाच दटावी, "रडू नकोस, दूध आटेल."

४. नात मोठी झाल्यावर एकदा आईवर चिडली. "तू जरा बघून चालली असतीस, तर मी आज धावले असते!" सून भांडी विसळत राहिली. मी तिथेच बसले होते. तरी हे पत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. मुलगा उठून गेला तर जाऊ द्यावे. नातीला मात्र शेवटपर्यंत बसवून घ्यावे.

५. हे मी जिवंतपणी सांगू शकले असते. पण हल्ली नातच मला हात धरून चालवते, आणि तो हात ती सोडील अशी भीती वाटते. आत्ताच ती डोकावून गेली. "आजी, एवढं काय लिहितेस?"

मी म्हटले, "औषधांची यादी."

वरील मजकूर वाचून, दोघांच्या देखत सही केली.

सही: निवृत्त परिचारिका
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, शेजारचे शिंपीकाका
स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: नऊ मार्च