कुणीच भोक पाडायचं न्हाई

तासगाव, ६ जानेवारी २०२५

ती. राजेश्वरीआक्कास, धाकट्या नानासोचा शि. सा. न. वि. वि.

गॅस काढणारी कंपनी आपल्या द्राक्षबागेच्या बांधाला खेटून पाताळापातूर भोक पाडणार हाय. जमिनीतलं पाणी पळालं तर बाग मरंल, आन् बाग मेली तर मी जगून काय करू? आमी कोर्टात मनाई मागतोय, गावानं मलाच पुढं केलंय. वकील म्हणाला, निस्तं कंपनीचं नाव घालू. मी म्हणालो, भिताय कशाला? शिवारात कुणीच खोल भोक पाडायचं न्हाई, असं दणकून लिवा! लय टाळ्या पडल्या.

भावोजींना नमस्कार. लोभ आटू दिऊ नकोस.

तुझा नानासो

मलकापूर, १३ जानेवारी

चि. नानासोस आक्काचे आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिवते. कंपनीला अडवतोस ते झ्याक. पण 'कुणीच' कशाला रं, शाण्या? दर उन्हाळ्यात तुझी बोअर आटती, आन् पाणी दावणाऱ्या पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला की तू नवी मारतोस. तुझे भावोजी त्यांच्या पलटणीतलं सांगतात, सुरुंग पेरताना आधी आपली वाट राखावी.

राग धरू नकोस. धरलास तरी जेवायला ये.

तुझी आक्का

तासगाव, १७ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

जिंकलो गं! पुढच्या तारखेपर्यंत शिवारात खोल खोदकाम बंद, असा हुकूम झाला. कंपनीचं मशीन गेलं. हलगी वाजली, गुलाल उधळला, मला फेटा बांधला. भावोजींना सांग, सुरुंग काय फुटला न्हाई.

जुनी बोअर आटलीया. तात्याबा पाणाड्यानं जागा दावलीया, उद्या बोअरची गाडी येती. लोभ वाढव, आता मी मोठा माणूस झालोय.

नानासो

तासगाव, २४ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

गाडी आली, नारळ फोडला, आन् कंपनीचा सायेब पोलीस घिऊन बांधावर हजर. हातात आमचाच हुकूम, अर्जदारात पयलं नाव माझंच. सायबानं हात जोडून इचारलं, नानासाहेब, तुमीच कोर्टाचा मान राखणार न्हाई व्हय? गाडी माघारी गेली.

वकील म्हणतो, दुरुस्तीचा अर्ज करू, तारीख एप्रिलात. घडात पाणी भरायची ही येळ, आन् मणी सुकाय लागलेत. बागेत गेलं की रडूच येतं गं. गावातल्या बाकीच्यांच्याबी बोअरी अडकल्यात, त्यांनी फेटा परत मागून नेला. भावोजींना इचार, पेरलेल्या सुरुंगातनं माघारी कसं यायचं असतं?

लोभ हाय तेवढा असू दे. त्याच्यासंगं पाण्याचा एक टँकरबी पाठव.

तुझा नानासो