खुंटीवरची काळी टोपी

सोलापूर, मे १९३०

लष्करी कायदा आल्यापासून पांढरी टोपी दिसली की सोल्जर हिसकावतात. आज नवी पेठेत ह्यांची गेली. उन्हासाठी पांढरी घालणारा माणूस, ह्यांचं कसलं आलंय राजकारण! खुंटीवरची काळी घाला म्हटलं, तर नाही. घरात मयत झाल्यासारखे बोडक्यानं हिंडतायत. शेजारच्या काकू घाबरून आल्या, "कोण गेलं हो?" त्यावर मामंजी भडकले, "बाप जिवंत असताना उघड्या डोक्यानं फिरतोस?" सरकारची पेन्शन खाणारे ते! दुपारभर दोघांची जुंपलेली, मधे मी. ती काळी घातली असती तर काय बिघडलं असतं?

ऊन उतरल्यावर मामंजी देवळात गेले. आत येऊन बघते तर खुंटीवर काळ्या टोपीशेजारी त्यांची पगडी.